खुर्शीदची सरस्वतीदेवी झाली, त्याची गोष्ट

कोजागिरीला आमच्या महिला मंडळात दूध आटेपर्यंत अंताक्षरी रंगली होती. ‘ए’ अक्षर आलं आणि दोन्ही बाजूंनी एकदमच ‘एक चतुर नार’ सुरू झालं. मग काय, कुणी मेहमूद झालं, कुणी किशोरकुमार, मसाला घालणारी हातात पळी घेऊनच नाचायला लागली. कोपऱ्यातल्या खुर्चीत शाल पांघरून आमच्या आजेसासूबाई बसल्या होत्या. त्यांना सगळं गाव माईच म्हणतं. वय वर्षं ब्याण्णव. कान थोडे मंद झालेत, पण गाण्याच्या बाबतीत नाहीत. हसू ओसरल्यावर त्यांनी शांतपणे सांगितलं की हे गाणं ‘पडोसन’चं नाहीच मुळी, ते आमच्या अशोककुमारचं. ‘झूला’ सिनेमातलं. मामाबरोबर तंबूतल्या टॉकीजला जाऊन त्यांनी ते पाहिलं होतं. आणि वर आणखी एक सांगितलं, की त्याची चाल लावणारी एक बाई होती.

ते ऐकून आम्ही सगळ्याच गप्प झालो. बाई? सिनेमाला संगीत देणारी, आणि तीही त्या काळात?

मैत्रिणींनो, मी बी.ए. झालेली, घरात रेडिओवर वाढलेली, मंडळाच्या भजनाची पेटीही बऱ्यापैकी वाजवणारी. पण मला हे नाव माहीत नव्हतं याची खरं सांगते, लाज वाटली. मग नगर वाचनालयातली जुनी पुस्तकं उपसली, मुलाकडून मोबाईलवर जुनी गाणी शोधून घेतली. त्यातून जी बाई हळूहळू समोर आली ती सरस्वतीदेवी. आणि तिचं खरं नाव सरस्वती नव्हतंच. खुर्शीद मिनोचर होमजी.

नावावरून कळलंच असेल, मुलगी पारशी. जन्म १९१२ चा, मुंबईचा. पारशी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पियानो आणि विलायती गाणं येतं. पण मुंबईच्या पारशी समाजाला आपल्या रागदारीचंही वेड होतं. १८७० च्या सुमारास त्यांनी गायन उत्तेजक मंडळी नावाची संस्था काढली होती, चांगल्या घरच्या लोकांना बैठकीचं गाणं शिकता, ऐकता यावं म्हणून. पंडित विष्णू नारायण भातखंडे हे आपले मराठी गृहस्थ वकिली शिकत असतानाच या मंडळीत जाऊ लागले आणि तिथेच त्यांना मोठमोठ्या उस्तादांच्या चिजा ऐकायला मिळाल्या. पुढे त्यांनी वकिली सोडली, देशभर हिंडून चिजा गोळा केल्या, त्यांना स्वरलिपीत बांधून पुस्तकं छापली. आपल्याकडे गाण्याच्या परीक्षेला बसणारी कुठलीही मुलगी आजही त्यांची क्रमिक पुस्तकं चाळते. उस्तादाच्या घरी वर्षानुवर्षं पाणी भरल्याशिवाय जी विद्या मिळत नव्हती, ती पुस्तकातून कुणालाही मिळू लागली. आणि कुणालाही म्हणजे, घरंदाज मुलींनाही. मला यातली हीच गोष्ट फार मोठी वाटते.

खुर्शीद त्याच भातखंड्यांकडे शिकली. ध्रुपद-धमार गायकी, म्हणजे गाण्यातलं सगळ्यात भारदस्त अंग. पुढे लखनौला भातखंड्यांच्याच पुढाकाराने १९२६ मध्ये मॅरिस कॉलेज निघालं होतं, तिथेही तिने शिक्षण घेतलं. घरात बहिणीही गाण्या-वाजवण्यातल्या. १९२७ च्या जुलैमध्ये मुंबईला रेडिओ केंद्र सुरू झालं आणि थोड्याच काळात ‘होमजी सिस्टर्स’ या नावाने या बहिणींचा वाद्यवृंद रेडिओवर वाजायला लागला. खुर्शीद ऑर्गन वाजवायची. डोळ्यांपुढे आणून बघा. आपल्या पणज्या त्या वेळी माजघरातून ओसरीवर यायलाही आधी चाहूल घेत होत्या, आणि इकडे या चार पोरी माइकपुढे बसून अख्ख्या मुंबईला ऐकवत होत्या. रेडिओची एक सोय होती म्हणा. आवाज घराबाहेर जायचा, पण चेहरा जायचा नाही. त्यामुळे कुणाची फार हरकत आली नसावी.

हरकत आली ती चेहरा बाहेर जायची वेळ आली तेव्हा.

१९३४ मध्ये हिमांशू राय आणि त्यांची पत्नी देविकाराणी यांनी मालाडला बॉम्बे टॉकीज ही कंपनी उभी केली. मालाड तेव्हा मुंबईबाहेरचं, झाडाझुडपांचं. कंपनी मात्र अगदी आधुनिक. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन जर्मनीचा, कॅमेरा चालवणारेही तिकडचे. हिमांशूबाबूंचा कटाक्ष असा की कलावंत शिकले-सवरलेले हवेत. खुर्शीदचं नाव त्यांच्या कानावर गेलं आणि त्यांनी तिला थेट संगीत विभागच सांभाळायला बोलावलं. वय असेल बावीस-तेवीस. ध्रुपद गाणाऱ्या मुलीला तीन-तीन मिनिटांच्या हलक्याफुलक्या चाली करायच्या होत्या, न गाणाऱ्यांकडून गाऊन घ्यायचं होतं. तिने ते मान्य केलं. बहीण माणेक हिलाही कंपनीत भूमिका मिळाली.

पहिला चित्रपट ‘जवानी की हवा’, साल १९३५. आणि मग गहजब झाला. पारशी समाजातल्या प्रतिष्ठितांना कळलं की आपल्या दोन मुली सिनेमात जाताहेत. सभा झाल्या, निषेध झाला, वर्तमानपत्रांतून आगपाखड झाली. सिनेमातल्या बाईकडे तेव्हा कुठल्या नजरेनं बघत ते वेगळं सांगायला नको. आपल्याकडे दुर्गा खोटे यांनी १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’त काम केलं तेव्हा त्यांनाही त्या नजरेतून जावं लागलंच. पण खुर्शीद तर पडद्यावर येणारही नव्हती, ती फक्त चाली लावणार होती! तरीसुद्धा चालेना. चित्रपट इंपिरिअल थिएटरला लागला तो पोलिसांच्या बंदोबस्तात.

हिमांशू राय यांनी तोडगा काढला तो नावं बदलण्याचा. खुर्शीदची झाली सरस्वतीदेवी आणि माणेकची झाली चंद्रप्रभा. पारशी आडनाव पाटीवर दिसलं नाही म्हणजे समाजाची अब्रू गेली नाही, असा तो हिशोब. आणि चाललाही तो.

इथे मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले. माझंही नाव लग्नात बदललं. ताटात तांदूळ पसरले, अंगठीने नवं नाव लिहिलं, पेढे वाटले. मला ते नाव आवडलंही होतं, खोटं कशाला बोलू? पण माहेरच्या नावाने दहावीचं सर्टिफिकेट, सासरच्या नावाने रेशनकार्ड, आणि दोन्ही मीच हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र. मंडळातल्या बचत गटाची खाती उघडताना दर दुसऱ्या बाईच्या कागदपत्रांत हाच घोळ निघतो. खुर्शीदचं नाव मात्र लग्नामुळे बदललं नाही, कामामुळे बदललं. गंमत बघा, त्याच कंपनीत कुमुदलाल गांगुली नावाच्या तरुणाचंही नाव बदललं, त्याचा अशोककुमार झाला. पण ते त्याला चांगला हीरो करायला, लपवायला नव्हे. एकाच घरात दोन बारशी झाली म्हणायची, पण कारणं किती निराळी!

‘जवानी की हवा’च्या वेळचीच आणखी एक हकीकत आहे. चंद्रप्रभाचा घसा बसला होता आणि तिला पडद्यावर गायचं होतं. तेव्हा चित्रीकरण चालू असतानाच नटांना प्रत्यक्ष गावं लागायचं, आज आहे तसं आधी गाणं ध्वनिमुद्रित करून नंतर ओठ हलवायची सोय नव्हती. मग कॅमेऱ्याच्या मागे उभी राहून थोरली बहीण गायली आणि पुढे चंद्रप्रभाने नुसते ओठ हलवले. त्याच वर्षी कलकत्त्याला न्यू थिएटर्सच्या ‘धूप छाँव’मध्ये पार्श्वगायन सुरू झालं असं इतिहास सांगतो, आणि ते बरोबरच आहे, तिथे ते ठरवून, पद्धतशीरपणे झालं. मालाडमध्ये मात्र बहिणीच्या घशासाठी झालं. आपल्याकडे एखादीला ताप आला की जाऊ तिच्या वाटणीच्या पोळ्या लाटते ना, तसंच की हे.

आता ते गाणं घेणं म्हणजे काय दिव्य होतं ते सांगते, कारण मला स्वतःला वाचताना सगळ्यात मजा इथे आली. बागेतलं दृश्य असलं तर नट-नटी पुढे, माइक कुठेतरी फांद्यांत लपवलेला, आणि तबला, सारंगी, ऑर्गनवाले कॅमेऱ्याला दिसणार नाहीत अशा बेताने झुडपाआड, झाडामागे. नायिका गात गात दहा पावलं चालली की वाजवणाऱ्यांनीही वाकून-सरकून तिच्याबरोबर जायचं. एकाचा सूर हलला, कुणी खोकलं, वरून कावळा ओरडला, की सगळं पहिल्यापासून. फिल्म महाग, जर्मन दिग्दर्शक वेळेचा पक्का. अशा वेळी चूक होऊ नये याचा एकच उपाय, तालीम. गाणं चित्रीकरणाला जाण्याआधी सरस्वतीदेवी नटांकडून दिवसेंदिवस घोटून घ्यायच्या.

आणि नट कोण? देविकाराणी विलायतेत शिकलेली, दिसायला देखणी, पण गायिका नव्हे. अशोककुमार तर कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करणारा मुलगा. ‘जीवन नैया’चा ठरलेला नायक नजमुल हसन देविकाराणीबरोबर निघून गेला, ती परत आली, त्याची नोकरी गेली आणि हिमांशूबाबूंनी या लाजऱ्या पोराला उभं केलं. (या प्रकरणावर एक वेगळा लेख होईल, पण तो आज नको.) त्याला अभिनय येत नव्हता, गाणं शिकलेलं नव्हतं. अशा दोघांच्या गळ्यात बसेल अशी चाल बांधायची, आणि ती ऐकणाऱ्याला पोरकटही वाटता कामा नये. तुम्ही कधी मंडळातल्या नवख्या बायकांना भजन शिकवलं असेल तर यातलं अवघडपण तुम्हाला कळेल. ज्यांना वरचा सा लागत नाही त्यांच्यासाठी चाल खाली आणायची, पण तिची गोडी नाही सोडायची.

‘जीवन नैया’ १९३६ चा. त्यात अशोककुमारने गायलेलं ‘कोई हमदम न रहा’ हे त्यांचंच. होय, तेच जे आपण किशोरकुमारच्या आवाजात ‘झुमरू’मध्ये ऐकतो. ‘झुमरू’ आला १९६१ मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनी. धाकट्या भावाने थोरल्याचं गाणं पुन्हा उचललं आणि लोक त्याला किशोरचंच मानू लागले. ते झिंझोटीतलं आहे. मी दोन्ही पाठोपाठ ऐकली. किशोरचं काळजाला हात घालतं, त्यात प्रश्नच नाही. पण अशोककुमारचा तो साधा, थोडा बिचकलेला आवाज ऐकल्यावर लक्षात येतं की चाल किती सोशीक आहे. कच्चा गळा असो की कसलेला, ती दोघांनाही सांभाळून घेते.

त्याच वर्षी आला ‘अछूत कन्या’. रेल्वे फाटकावरच्या पहारेकऱ्याची अस्पृश्य मुलगी कस्तुरी आणि ब्राह्मणाचा मुलगा प्रताप यांची गोष्ट. लहानपणापासून एकत्र वाढलेले, एकमेकांवर जीव असलेले, पण लग्न होणं शक्य नाही. १९३६ मध्ये असा विषय काढायला छाती लागत होती. त्यातलं झाडाच्या फांदीवर बसलेल्या दोघांचं ‘मैं बन की चिडिया’ अख्ख्या हिंदुस्थानात गाजलं. माईंच्या माहेरी वाड्यात गड्याचा मुलगासुद्धा ते गुणगुणायचा म्हणे, नंतर कित्येक वर्षं. ऐकायला इतकं सोपं की पोरांनी शाळेत जाता जाता म्हणावं. ध्रुपद-धमार शिकलेल्या बाईने ते सोपं केलं होतं हे विसरू नका. त्याच चित्रपटात एक गाणं खुद्द सरस्वतीदेवींच्या आवाजात आहे. माझ्या कानाला तो आवाज शांत वाटला, आपण काही मोठं करतोय असा भाव त्यात कुठे नाही. आणि योगायोग असा की याच १९३६ च्या सप्टेंबरात भातखंडे गुरुजी वारले. शिष्येच्या चाली त्या वेळी गल्लोगल्ली वाजत होत्या.

वाजत होत्या त्या तबकड्यांवर. ७८ च्या वेगाने फिरणाऱ्या, लाखेच्या, हातातून पडली की फुटणाऱ्या. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची. त्यामुळे पडद्यावरचं गाणं कितीही लांबलं तरी तबकडीसाठी ते तेवढ्यात बसवावं लागे. हिंदी सिनेमाचं गाणं तीन मिनिटांचं झालं ते या तबकडीच्या मापामुळे, आणि ते माप अंगवळणी पडून ते तसंच राहिलं. त्या तबकड्यांवर नावं छापण्याची तऱ्हाही अजब. पुष्कळदा संगीतकाराचं नाव नसायचंच. पुढे १९४९ मध्ये ‘महल’च्या तबकडीवर लता मंगेशकरांच्या ऐवजी ‘कामिनी’ असं पात्राचं नाव छापलं होतं, हे तर आता सगळ्यांना माहीत आहे. मग त्याआधीची, आधीच नाव बदललेली बाई लोकांच्या लक्षात कशी राहणार?

पण काम चालूच होतं, आणि केवढं! १९३६ मध्येच ‘जन्मभूमी’. त्यातलं मातृभूमीच्या जयजयकाराचं समूहगान तेव्हाच्या वातावरणात फार उचललं गेलं. १९३७ मध्ये ‘जीवन प्रभात’, ‘इज्जत’, ‘प्रेम कहानी’, ‘सावित्री’. मग ‘निर्मला’, ‘वचन’, ‘भाभी’, ‘दुर्गा’, ‘कंगन’. बहुतेक गीतं जमुनास्वरूप कश्यप लिहायचे. साथीला होते श्रीनाथ त्रिपाठी, तेही लखनौच्या मॅरिस कॉलेजचेच. व्हायोलिन वाजवत आणि बाईंचे सहाय्यक म्हणून काम करत. हेच पुढे ‘रानी रूपमती’चे संगीतकार एस. एन. त्रिपाठी. म्हणजे एका बाईच्या हाताखाली शिकून एक पुरुष संगीतकार तयार झाला. आज असं कुठे झालं तर आपण त्याची बातमी करू, त्या वेळी कुणाला त्यात विशेष वाटलं नसावं. किंवा कुणी बोललं नसावं.

‘कंगन’पासून आपल्या लीला चिटणीस बॉम्बे टॉकीजच्या नायिका झाल्या. चार लेकरांची आई, नाटकात काम केलेली, शिकलेली मराठी बाई. ‘कंगन’ १९३९ चा, ‘बंधन’ १९४० चा, ‘झूला’ १९४१ चा. तिन्हींत अशोककुमार आणि लीला चिटणीस, आणि तिन्ही तुफान चालले. ‘बंधन’ला सरस्वतीदेवींबरोबर रामचंद्र पाल हेही संगीतकार होते, गीतं कवी प्रदीपांची. त्यातलं ‘चल चल रे नौजवान’ तरुणांच्या तोंडी बसलं. ‘झूला’मधलं ‘न जाने किधर आज मेरी नाव चली रे’ हे तर माझं आता रोजचं झालंय, कणीक मळताना. नाव वाहवत चाललीय आणि वल्हवणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही, अशी मजेची चाल. आणि त्याच ‘झूला’त ते अशोककुमारचं ‘एक चतुर नार’. १९६८ मध्ये ‘पडोसन’साठी राहुलदेव बर्मन यांनी त्या मुखड्यावरून केवढा धुडगूस उभा केला, तो अप्रतिमच आहे. मन्ना डे, किशोर, मेहमूद सगळ्यांचं कौतुक झालं. बीज कुणाचं होतं, हे विचारायला आमच्या माईच राहिल्या.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. पुष्कळ ठिकाणी सरस्वतीदेवींना हिंदी चित्रपटाच्या पहिल्या स्त्री संगीतकार म्हणतात. पण १९३४ च्या ‘अदल-ए-जहांगीर’ला इशरत सुलताना ऊर्फ बिब्बो यांनी संगीत दिलं होतं असं सांगतात, आणि १९३५ मध्ये नर्गिसच्या आई जद्दनबाई यांनी ‘तलाश-ए-हक’ला. या दोघी कोठ्याच्या परंपरेतून आलेल्या. त्यांची नावं मागे पडतात आणि घरंदाज मुलीचं पुढे येतं, यात आपल्या नजरेचाही भाग आहे. मला सरस्वतीदेवींबद्दल प्रेम वाटतं म्हणून मी दुसऱ्या दोघींचा मान काढून घेणार नाही. वर्षामागून वर्षं, एका मोठ्या कंपनीचा संगीत विभाग सांभाळणारी पहिली बाई म्हणा, ते पुरेसं मोठं आहे.

मग दिवस फिरले. १९३९ मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं, जर्मन माणसं शत्रूपक्षाची ठरली, ऑस्टेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना इंग्रज सरकारने स्थानबद्ध केलं. १९४० च्या मे महिन्यात हिमांशू राय वारले. कंपनीत गट पडले. १९४२ च्या ‘बसंत’ला पन्नालाल घोष यांचं संगीत होतं, १९४३ च्या ‘किस्मत’ला अनिल विश्वास यांचं, आणि ‘किस्मत’ने तर सगळे विक्रम मोडले. सरस्वतीदेवी सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनकडे गेल्या. तिथे ‘पृथ्वीवल्लभ’, त्यात दुर्गा खोटे होत्या, मग ‘प्रार्थना’, ‘परख’. पण आता पार्श्वगायन रुळलं होतं. न गाणाऱ्या नटांना सांभाळून घेणाऱ्या चालींची गरजच उरली नव्हती. पंजाबी ठेका आला, मोठे वाद्यवृंद आले, पुढे लताबाईंचा आवाज आला. ज्या कामात त्या तरबेज होत्या ते कामच संपलं. हातशिवणकाम करणाऱ्या बाईच्या शेजारी रेडिमेडचं दुकान निघावं, तसं. ‘उषाहरण’सारखा एखादा चित्रपट मिळत राहिला. शेवटचं काम ‘बाबासा री लाडी’ या राजस्थानी चित्रपटाचं, १९६१ मध्ये. म्हणजे ज्या वर्षी ‘झुमरू’त किशोरकुमार त्यांचं गाणं पुन्हा गात होता, त्याच वर्षी.

त्यानंतरची एकोणीस वर्षं त्या मुंबईतच होत्या. लग्न केलेलं नव्हतं. १९८० मध्ये बसमधून पडून त्यांना जबर दुखापत झाली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्या गेल्या. वय अडुसष्ट. ‘पडोसन’ येऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती, ‘एक चतुर नार’ लग्नाच्या वरातीत बॅन्डवर वाजत होतं. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईला काय ठाऊक!

आता आमच्या गल्लीतलं. गेल्या गणपतीत शेजारच्या एका मुलीला वाद्यवृंदात गायला बोलावणं आलं होतं. गळा असा की भजनात तिने आळवायला सुरुवात केली की टाळ आपोआप हळू होतात. घरच्यांनी नकार दिला. रात्री उशिरा स्टेजवर उभं राहायचं, लोकं मोबाईलवर चित्रण करणार, उद्या स्थळं बघायची आहेत. मी समजावायला गेले तेव्हा तिच्या काकांनी मला चहा पाजला आणि एक तडजोडही सुचवली, मुलीने पडद्यामागून गायलं तर चालेल. चेहरा नको आणि निवेदनात नाव नको. मी तेव्हा त्यालाही हो म्हटलं होतं. निदान गाईल तरी, असा विचार केला. ती मात्र पडद्यामागून गायला तयार झाली नाही. गेलीच नाही ती कार्यक्रमाला. मला तेव्हा तिचा राग आला होता, संधी घालवली म्हणून.

मागच्या शुक्रवारी भजनाच्या तालमीनंतर तिला थांबवून घेतलं आणि मोबाईलवर ‘न जाने किधर’ ऐकवलं. आधी नुसतं गाणं, मग चाल कुणाची ते सांगितलं, मग नावाची हकीकत. तिने दोनदा ऐकलं. पेटी उघडीच होती. तिने पहिल्या ओळीचे सूर शोधले, एकदा चुकली, मग सापडले. वहीत लिहून घेतले. वहीच्या वरच्या कोपऱ्यात गाण्याचं नाव लिहिलं, त्याखाली संगीत असं लिहून थांबली आणि मला विचारलं, कुठलं नाव लिहू?

मी म्हटलं, दोन्ही लिही.